कुणाच्या वयाचा मेंदू

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की माणूस आधी शेवटच्या दोन ओळी वाचतो. वरचं सगळं इंग्रजी डॉक्टरांसाठी, खालचं आपल्यासाठी. त्या दोन ओळींत 'वयोमानानुसार' अशा अर्थाचा शब्द दिसला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. वय झालं की गुडघे कुरकुरतात, केस पिकतात, तसे मेंदूतल्या पांढऱ्या भागातही जास्त पांढरे ठिपके दिसायला लागतात. बहुतेकांच्या बाबतीत त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

माझ्या रिपोर्टमध्येही तो शब्द होता. तरी मी घाबरले, कारण तो शब्द रिपोर्टमध्ये कसा येतो ते मला ठाऊक होतं. परळच्या एका हॉस्पिटलात मी चौतीस वर्षं क्ष-किरण विभागाचे रिपोर्ट टाइप केले. तो शब्द मी हजारो लोकांच्या कागदावर उमटवला आहे, आणि निम्म्या वेळेला चहाचा कप दुसऱ्या हातात होता.

ज्यांच्या घरात सध्या असा एखादा रिपोर्ट टेबलावर पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत. मी डॉक्टर नाही, आणि टायपिस्टने डॉक्टर व्हायला जाऊ नये हे मला चौतीस वर्षांत चांगलं कळलं आहे.

*

सुरुवात फार किरकोळ होती. दादरला चष्म्याच्या दुकानात बसले होते. आतून हाक आली, "सुलभा परब." कुणीतरी उठेल म्हणून मी वाट बघत राहिले. पुन्हा हाक आली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं की ही कोण बया आहे, बसून राहिली आहे. तिसऱ्या हाकेला शेजारच्या बाईने मला कोपर लावलं. "अहो, तुमच्या पावतीवर तेच नाव आहे ना?"

होतं. ते माझंच नाव. घरी येऊन मी नवऱ्याला, विलासला, हे हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, "कान दाखव." मी कान दाखवले. कान ठणठणीत होते.

मग फोन आला. "सुलभा मॅडम आहेत का?" मी म्हटलं, "नाहीत, बाहेर गेल्यात," आणि फोन ठेवून भेंडी चिरायला बसले. निम्मी भेंडी चिरून झाल्यावर हात थांबला. मी खोटं बोलले असं मला वाटलंच नव्हतं. उलट ती खरंच बाहेर गेली आहे आणि इतक्यात येईल, असं आतून पक्कं वाटत होतं. ते वाटणं जायला बराच वेळ लागला.

तिसऱ्या वेळी मात्र मी हादरले. लालबागला मसाला कुटायला टाकला होता, तो आणायला निघाले होते. पुढचं मला आठवतं ते काळाचौकीला, माझ्या जुन्या शाळेच्या फाटकापाशी. हातात रिकामी पिशवी. वॉचमन विचारत होता, "कोणाला न्यायला आलात?"

"सुलभाला," मी सांगितलं.

"कितवीत आहे?"

"पहिलीत."

"सुटायला टाइम आहे अजून. बसा तिकडे सावलीत."

आणि मी बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शाळेची घंटा झाली, पोरं भडाभडा बाहेर आली, आणि एकेका मुलीचं तोंड बघता बघता मला घाम फुटला. त्यानंतर मी टॅक्सी केली ती थेट घरी. त्या दिवशी विलासला सांगताना मला हसू आलं नाही.

*

आमच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. माझ्या जुन्या हॉस्पिटलात जाऊन ओळखीच्यांसमोर तो झगा घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून दादरच्या एका सेंटरमध्ये केला. फॉर्म विलासने भरला. नाव सुलभा विलास परब, वय बासष्ट, लिंग स्त्री.

हजारो लोकांच्या मेंदूचे रिपोर्ट टाइप केले, पण त्या नळीत मी एकदाही गेले नव्हते. आवाज होतो हे माहीत होतं. तो आवाज आपल्या आतूनच येतो आहे असं वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. डोकं साच्यात पक्कं बसवलेलं, कानावर जाड गाद्या, हातात घाबरलात तर दाबायचा रबरी फुगा. मी डोळे मिटून टाइपरायटरवरची अक्षरं ओळीने म्हणत राहिले. मधे एकदा ठोके थांबले आणि शांत झालं, ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती.

बाहेर आल्यावर तिथली टेक्निशियन, स्नेहल नावाची हसरी मुलगी, मला सँडल घालायला मदत करत म्हणाली, "किती गोड ओ देता हो तुम्ही."

"काय देते?"

"मी मधे माइकवरून विचारलं ना, सुलभाताई, ठीक आहात ना? तर तुम्ही ओ दिलीत. लहान मुलीसारखी, अशी लांबवून. मला हसूच आलं."

मला कुणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. मी तोंड उघडल्याचंही आठवत नव्हतं. पट्टा लावला आणि विलासच्या शेजारी जाऊन बसले.

*

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मेंदूच्या पांढऱ्या भागात विखुरलेले लहान ठिपके, वयोमानानुसार. बाकी काही नाही. विलासने तिथल्या तिथे आमच्या लेकीला बंगळुरूला फोन लावला. ऋता म्हणाली, "एज-रिलेटेड ना? मग झालं तर. आई, तू म्हातारी झालीस, बाकी काही नाही." विलासने मला वाटेत पियुष पाजलं. कागदोपत्री मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि ही चेष्टा आमच्या संसाराइतकीच जुनी आहे. "मोठी बायको केली की हे असं आधी बघावं लागतं," तो म्हणाला आणि एका घोटात ग्लास संपवला. फार दिवसांनी तो मोकळा दिसत होता.

घरी आल्यावर मी रिपोर्ट नीट वाचला. शेवटच्या वाक्यात एक स्वल्पविराम होता. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

तो स्वल्पविराम माझा होता.

आमच्या विभागात रोज तीच तीच वाक्यं लागायची. म्हणून संगणक आल्यावर मी ती एकदाच टाइप करून साठवून ठेवली, की एक कळ दाबली की पूर्ण वाक्य हजर. त्यातल्या एकात माझ्या हातून जादा स्वल्पविराम पडला. आमच्या विभागप्रमुखांच्या, मोठ्या सरांच्या, लक्षात आलं. ते म्हणाले, "राहू दे, सुलभा. तेवढीच वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा." पुढे त्यांच्या हाताखालचे डॉक्टर बाहेर पडले, त्यांनी आपापली सेंटरं काढली, आणि जाताना ती वाक्यं बरोबर नेली. मी निवृत्त झाले तरी माझं वाक्य मुंबईभर हिंडत होतं. आता ते माझ्याकडेच आलं होतं.

आणि त्या वाक्याला एक जोडीचं वाक्य आहे, हे मला माहीत होतं. सरांची रीत अशी, की आधी वय बघायचं, मग फिल्म. असे ठिपके दिसले आणि माणूस साठीच्या पलीकडचा असला की पहिली कळ, वयोमानानुसार. तेच ठिपके साठीच्या अलीकडे दिसले की दुसरी कळ, वयाच्या मानाने अधिक, पुढील तपासणी करावी. चित्र तेच असायचं. वर टाइप केलेला आकडा बघून खालचं वाक्य ठरायचं.

माझ्या कागदावर बासष्ट लिहिलं होतं. आणि मी बासष्ट वर्षांची नव्हते.

*

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

माझ्या आईची पहिली मुलगी मुंबईत जन्मली. तिचं नाव सुलभा. म्युनिसिपालिटीत तिच्या जन्माची नोंद झाली, दाखला मिळाला. अडीच वर्षांची असताना गावी तापाने गेली. तिच्या जाण्याची नोंद कुठेच झाली नाही. मग मी झाले, गावी, घरातच. माझीही नोंद नाही. आधीचं मूल गेलं की पुढच्याला नाव दगडाधोंड्याचं ठेवतात, म्हणजे कुणाची नजर जात नाही. म्हणून मी धोंडी. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा माझ्या नावाचा काही कागद नव्हता आणि ट्रंकेत एक दाखला पडून होता. सरकारी कचेरीची पायरी चढायला बाबा घाबरायचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या माणसाला कागदाची फार धास्ती. मी सहाची, दाखल्यावर दहाची; पण गावाहून आलेली दहा वर्षांची पोरं तेव्हा पहिलीत बसायची, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. शाळेत मी सुलभा झाले, घरात धोंडी राहिले.

आईने मला हे मॅट्रिकच्या वेळी सांगितलं, भाकरी थापता थापता, मान वर न करता. पुन्हा त्याबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे नोकरी त्या कागदावर, लग्न त्या कागदावर, निवृत्तीही त्याच कागदावर, चार वर्षं आधीच. लग्नात सासूबाईंनी नाव बदलायचं का विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. दोन होती, त्यात तिसरं कशाला?

तेव्हा प्रश्न सरळ होता. माझ्या डोक्यातले ठिपके बासष्टाव्या वर्षी आले असते तर ते नुसतं वय होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आले असतील तर ते दुखणं होतं, आणि दुखण्यावर इलाज लवकर व्हायला हवा होता. गप्प बसले तर हळूहळू माझी मीच मला सापडेनाशी होण्याची भीती होती. सांगायचं तर आधी घरात सांगावं लागणार होतं, की तुमची सुलभा केव्हाच गेली आहे. मी तीन आठवडे गप्प बसले. त्या तीन आठवड्यांत आरशात बघायला मला नको वाटायचं. एक विचार डोक्यातून हलत नव्हता. माझा मेंदू माझ्या वयाने वाढलाच नसेल, तो तिच्या वयाने पिकत चालला असेल. इतकी वर्षं तिच्या वाढदिवसाला ओवाळून घेतलं, ते कुठेतरी भिनलंच असणार.

*

खरं वय ठरवायला भोईवाड्यात मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण. आमच्या घरातलं जुनं माणूस आता ती एकटीच. खाटेवर बसून ती लसूण सोलत होती.

"माझो जल्म नक्की कधीचो गो, मावशी?" तिच्याशी बोलताना मालवणी आपोआप तोंडात येते.

"शिमग्याच्या आदल्या आठवड्यातलो. माझो बाबलो आणि तू एकाच म्हयन्यातली. तो गेल्या म्हयन्यात अठ्ठावन्नाचो झालो नि रिटायर झालो. पण ह्या आता कित्याक व्हया तुका?"

मी सांगितलं. नाव ऐकू न येण्याचं सांगितलं, शाळेच्या फाटकाचं सांगितलं, नळीतल्या ओचंही सांगितलं. तिने लसूण बाजूला ठेवला.

"तुझ्या आवशीन तुका सांगल्यान नाय?"

"काय?"

"मोठा चेडू, पयली सुलभा, गेला तेव्हा ती रडाक नाय. रोज तिन्हीसांजेक दारात उभी ऱ्हवान हाक मारी, सुलभा, गो सुलभा. आम्ही सांगून दमलव, तिन्हीसांजेची गेलेल्या पोराक हाक मारू नये. ती ऐकाक नाय. तू तीन वर्सांचा होतंस. एक दिवस ती अशीच हाक मारीत होती, नि तू पाठसून ओ दिलंस."

"मग?"

"मगे हाक मारूची बंद झाली. मनात तुकाच सुलभा मानूक लागली. दाखलो काय तुझ्या बापाशीन काढूक नाय, गो. आवशीन काढल्यान. म्हणाली, माझा मोठा चेडू शाळेत जाऊ दे."

मी उठले तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. मावशी दारापर्यंत आली. जाताना मागून कुणी हाक मारली तर वळून बघू नको, एवढंच ती म्हणाली. कोर्टाच्या कोपऱ्यापर्यंत मी वळून बघितलं नाही. त्यानंतर मला स्वतःचा राग आला आणि मुद्दाम मागे बघितलं. मागे एक शहाळंवाला होता.

*

विलासला सांगितलं त्या रविवारी. मला वाटलं होतं, तो हसेल. लाडकी चेष्टा त्याच्या हातातून गेली म्हणून कुरकुरेल. त्याने टीव्ही बंद केला.

"म्हणजे तीस वर्षं मी कुणाला हाक मारतोय?" त्याने विचारलं.

"मलाच."

"तू ओ देतेस म्हणून तुला. नाव तुझं नाहीच."

मग तो मला हाक मारेनासा झाला. रागावून नव्हे, तसं तो म्हणालाही. त्याच्या तोंडून ते नाव निघेना, आणि धोंडी म्हणायला जीभ रेटेना. "ऐकतेस का", "अगं", "हे बघ", यावर दिवस चालले. ज्या घरात तुम्हाला कुणी नावाने बोलवत नाही तिथे राहून बघा. स्वयंपाकघरातून मी दहा वेळा बाहेर येऊन बघत असे, की तो मला म्हणाला की टीव्हीला. एकटी असले की आरशासमोर दोन्ही नावं मोठ्याने घेऊन बघायची. कोणत्या नावाला आत काही हलतं का, ते तपासायची. कधी एकाला हलायचं, कधी कशालाच नाही.

पण डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या औषधभांडारात काढलेला माणूस. म्हणाला, "चुकीच्या वयावर औषध दिलेलं मला चालत नाही." ही त्याची माया मला त्या दिवसांत पुरली.

*

मेंदूच्या डॉक्टर नाईक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही हसल्या नाहीत. मग रिपोर्ट पाकिटात घालून त्यांनी फिल्मच उजेडावर लावल्या.

"साठी ही काही भिंत नाही हो," त्या म्हणाल्या. "अलीकडे आजार आणि पलीकडे म्हातारपण, असं नसतं. पण तुमच्या सरांची रीत आम्ही सगळेच थोडीफार पाळतो, आणि ते चुकतं." त्यांनी पेन्सिलीने ठिपके दाखवले. "हे वयाने येतात, हे थोडे जास्त आहेत. बासष्टला मी कदाचित सोडून दिलं असतं. अठ्ठावन्नला सोडणार नाही."

मी विचारलं, लहान मुलांचं कसं दिसतं? मला उत्तर माहीत होतं, मी ते टाइप केलेलं होतं. तरी विचारलं.

"बाळाचं सगळं उलटं. मोठ्यांच्यात जिथे गडद दिसतं तिथे बाळाचं उजळ. मग दोनेक वर्षांत चित्र हळूहळू सुलटं होतं आणि मोठ्या माणसासारखं दिसायला लागतं."

म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीचं नुकतंच सुलटं झालेलं असणार. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. माझ्या डोक्यासाठी नाही. ज्या मुलीच्या नावावर मी पन्नासहून जास्त वर्षं काढत आले होते, तिच्यासाठी पहिल्यांदा रडले. मॅडमनी मला रडू दिलं आणि विलासला पाणी आणायला पाठवलं.

*

तपासण्यांसाठी दोन दिवस वॉर्डात राहावं लागलं. मनगटावर पट्टी, त्यावर छापलेलं सुलभा परब, ६२. मॅडमनी पेनने ५८ केलं होतं, पण संगणक बासष्टच छापत होता. दंडावर रक्तदाबाचं यंत्र बांधलेलं. ठरावीक वेळाने ते आपोआप फुगायचं आणि दंड आवळायचं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. सकाळी सहाला चहा, सातला अंग पुसणं, आठला सिस्टरांची बदली. नवीन सिस्टर आली की नाव विचारायची, आणि मला दर वेळी पट्टी बघून सांगावं लागायचं.

शेजारच्या खाटेवर शीव कोळीवाड्याच्या एक आजीबाई होत्या. डोक्याला मार लागलेला, निम्मा वेळ गुंगीत. दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या पायथ्याशी बसलेली ती पोर कोण गं? इथे पोरांना सोडत नाहीत ना?"

"कुणी नव्हतं आजी."

"कशी नव्हती? पाय हलवत बसली होती. मी हाक मारली तर तोंड फिरवलंन."

औषधांनी माणसाला काय काय दिसतं ते मला माहीत आहे. तरी ती दुपार मी पाय पोटाशी घेऊन काढली. पायथ्याची जागा मी मोकळी का ठेवली, ते मात्र मला सांगता येत नाही.

यंत्राचे आकडे आले तेव्हा खरं कारण कळलं. माझा रक्तदाब पहाटे आणि सकाळी चढत होता, बहुधा कित्येक वर्षं. दवाखान्यात मी कायम दुपारी जायची, तेव्हा तो सभ्यपणे खाली असायचा. मेंदूतल्या बारीक नळ्या त्याने खराब केल्या होत्या. आलेले ठिपके जाणार नाहीत, मॅडमनी स्पष्ट सांगितलं. नवीन येणं थांबवता येईल. गोळी, मीठ कमी, रोज चालणं. स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, तीत मी विलासपेक्षा बरी निघाले असते.

"आणि नावाचं?" मी विचारलं. "ते शाळेच्या फाटकाचं?"

मॅडम म्हणाल्या, "ठिपक्यांवरून मला ते सांगता येत नाही. सांगता येतं असं म्हणाले तर ती थाप होईल."

इतक्या वर्षांत एवढं सरळ वाक्य मी एकाही रिपोर्टमध्ये टाइप केलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी हेच सांगते, की ज्या डॉक्टरला 'मला माहीत नाही' म्हणता येतं त्याला सोडू नका.

*

वर्षभराने पुन्हा एमआरआय करायचा होता. त्याआधी वय दुरुस्त करायला हवं होतं, नाहीतर पुन्हा तोच आकडा, तीच कळ, तेच वाक्य. रेकॉर्डच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "असं तोंडी नाय होत मॅडम, ॲफिडेव्हिट आणा." विलासने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "चल, सुलू, करून टाकू." आठ आठवड्यांनी त्याने हाक मारली होती. नाव चुकीचं होतं, ते दोघांनाही माहीत होतं. मी ओ दिली.

भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर टाइप करून देणारे बसतात. आम्हाला मिळाला तो माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. बोटं बघूनच मला कळलं की जुन्या मशिनवर शिकलेला आहे. विलास सांगत गेला, तो टाइप करत गेला. मी, सुलभा विलास परब, माहेरची सुलभा गोविंद तावडे, शपथेवर लिहून देते, की सुलभा गोविंद तावडे ही लहानपणीच मयत झाली.

त्याची बोटं थांबली. "साहेब, दोन्हीकडे एकच नाव येतंय. काहीतरी चुकतंय."

"चुकत नाही," मी म्हटलं. "तसंच ठेवा."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अशा लोकांना काही विचारायचं नसतं, हे आमच्या धंद्यात शिकवावं लागत नाही. तो पुढच्या ओळीवर गेला. मयताचं वय त्याने विचारलं, मी अडीच सांगितलं. आईने जिला दारात उभं राहून परत बोलावलं होतं, तिला आता मी सही करून पाठवणार होते. पण ती शाळेत जाऊन आली होती, नोकरी केली होती, तिचं लग्न झालं होतं, ती निवृत्त झाली होती. तिच्या आईने मागितलं होतं त्यापेक्षा जास्तच झालं होतं.

"अर्जदाराचं मयताशी नातं काय?" टायपिस्टने विचारलं.

विलास माझ्याकडे बघत होता. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शाळेच्या, नोकरीच्या, लग्नाच्या कुठल्याच फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता. घरात मी एकुलती एक होते, आणि बाहेर कायम वयापेक्षा मोठी.

"धाकटी बहीण," मी म्हटलं.

त्याने ते टाइप केलं, कागद थोडा वर सरकवला आणि माझं वय विचारलं. मी अठ्ठावन्न सांगितलं.